गच्ची नेमकी कुणाची?

रविवार, सकाळी दहा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गरमागरम समोसे आणि अजेंड्यावर एकच विषय: गच्चीवर सोलर. दीड तासात समोसे संपले, विषय तिथेच!

वरच्या मजल्यावरच्या काकूंना गळतीची भीती, शिवाय कुरडया वाळवायच्या कुठे? फ्लॅट भाड्याने दिलेल्या मालकांचं म्हणणं, "पैसे आम्ही भरायचे आणि मजा भाडेकरूंची?" मी भाडेकरूच. बोलायची मुभा, मत शून्य. पण सेक्रेटरीकाका म्हणाले, "तू पत्रकार ना? मग काढ माहिती."

आकडे काय म्हणतात?

केंद्राची 'पीएम सूर्यघर' योजना २०२४मध्ये आली. स्वतंत्र घराला ७८ हजारांपर्यंत सबसिडी मिळते, हे सगळ्यांना पाठ. पण सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांसाठीही किलोवॅटमागे १८ हजार मिळतात, हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं.

एक किलोवॅट म्हणजे दिवसाला साधारण ४ युनिट आणि सावली नसलेली १०० चौरस फूट जागा. १० किलोवॅट बसवले तर महिन्याला १,२०० युनिट. दर दहा रुपये धरा, वाचले १२ हजार. खर्च साडेपाच लाख धरून सबसिडी वजा केली, तर तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. पॅनेल चालतात सुमारे २५ वर्षं. दुपारची जादा वीज नेट मीटरमधून ग्रिडमध्ये जाते आणि बिलात वळती होते.

एक गोम आहे. लाइट गेली की सोलरही बंद! लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये, म्हणून बॅटरी नसलेली सिस्टीम आपोआप थांबते.

खरी अडचण

हैदराबादच्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला २००३मध्ये 'लीड प्लॅटिनम' रेटिंग मिळालं. तेव्हापासून लॉबीत हिरवी पाटी मिरवणारी ऑफिसं वाढली. तिथे एका साहेबाची सही पुरते. इथे चाळीस घरांना पटवावं लागतं, आणि प्रत्येकाची शंका रास्त असते.

गळती? आधी वॉटरप्रूफिंग करा. स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवरही पॅनेल बसतात, फक्त इंजिनिअरकडून वजन तपासून घ्या. भाडेकरूंची मजा? कॉमन बिल मेंटेनन्समधून जातं आणि आमच्याकडे मेंटेनन्स मालकच भरतात. म्हणजे फायदा त्यांचाच!

पुढची मीटिंग आम्ही गच्चीवरच घेतली. कुरडयांचा कोपरा खडूने आखला, काकू हसल्या, ठराव पास झाला.

माझं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलंय. पॅनेल लागतील तेव्हा मी इथे नसेनही. पण या वेळचे समोसे माझ्याकडून होते.