टर्कीचीं पिलें व त्यांचे सोबती

कोंबडीचीं पिलें वाढविणें हें आपल्याकडील मुलांस कांहीं नवें नाहीं. डालग्याखालीं बसलेली खुडूक कोंबडी, एकविसाव्या दिवशीं ऐकूं येणारा चिवचिवाट आणि मूठभर कण्या, इतकें सर्वांनीं पाहिलेलें असतें. परंतु एखाद्या हौशी गृहस्थानें टर्कीचीं दहापांच पिलें घरीं आणलीं म्हणजे लगेच प्रश्न उभा राहतो, तो हा कीं, तीं कोंबडीच्या पिलांत सोडावीं कीं निराळीं ठेवावीं? एका खोक्यांत, एका दिव्याच्या उबेंत, एकाच भांड्यांत सर्वांचें भागलें तर खर्च व श्रम वांचतात. याबाबत दोन अगदीं विरुद्ध सल्ले मिळतात. एक म्हणतो, कोंबडीच्या पिलांवांचून टर्कीचें पिलूं जगत नाहीं. दुसरा म्हणतो, कोंबडीच्या शेजारीं तें मरतें. आमच्या मतें दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तें कसें हें या लेखांत दाखविण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम या पक्ष्याची थोडी ओळख करून घेऊं. टर्की हा मूळचा अमेरिका खंडांतला पक्षी. स्पॅनिश लोक मेक्सिकोंत उतरले त्याच्या कित्येक शतकें आधीं तेथील लोकांनीं तो माणसाळविला होता. सोळाव्या शतकांत तो युरोपांत गेला. आपल्या देशाशीं त्याचा जो जुना संबंध नमूद आहे तो गोव्यामार्फत. १६१२ सालीं मुकर्रबखान या सरदारानें गोव्याहून कांहीं अपूर्व वस्तु जहांगीर बादशहाकडे आणिल्या, त्यांत हा पक्षी होता. त्याच्या डोक्याचा व मानेचा रंग घटकेघटकेस पालटतो याचें बादशहास मोठें नवल वाटलें. त्यानें त्याचें वर्णन आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेविलें, आणि मन्सूर या चित्रकाराकडून त्याचें चित्र काढविलें. तें चित्र आज लंडन येथील व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहे. नांवाच्या बाबतींत मात्र या पक्ष्याची मोठी फटफजिती झाली आहे. इंग्रजांनीं त्याला तुर्कस्तानचा ठरविलें. खुद्द तुर्क लोक त्याला ‘हिंदी’ म्हणतात. फ्रेंच नांवाचाही अर्थ ‘हिंदुस्थानचा’ असाच. आणि पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात! आपला पेरू झाडावर लागतो हें बरें.

आतां पिलांकडे वळूं. टर्कीचें अंडें उबविण्यास २८ दिवस लागतात, म्हणजे कोंबडीच्या अंड्यापेक्षां एक आठवडा अधिक. पिलूं अंड्याबाहेर पडतें तेव्हां त्याच्या पोटांत अंड्यांतील पिवळ्या बलकाचा अंश शिल्लक असतो, व त्यावर तें दोनतीन दिवस तग धरतें. एवढ्या अवधींत त्यानें खाणें व पिणें शिकलें पाहिजे. कोंबडीचें पिलूं दिसेल त्यावर चोंच मारून तें चटकन् शिकतें. टर्कीचें पिलूं मात्र या बाबतींत फार मंद असतें. समोर खाद्याचें भांडें भरलेलें असून चौथ्यापांचव्या दिवशीं पिलें उपासमारीनें मरतात, आणि पाळणारा समजतो कीं कांहीं साथ आली. यावर जुना उपाय असा कीं, दहापंधरा पिलांमागें कोंबडीचीं एकदोन पिलें, शक्य तर दोनचार दिवसांनीं मोठीं, त्यांच्यांत सोडावीं. त्यांची चोंच खालीं गेली कीं टर्कीचीं पिलें पाहतात व तसेंच करूं लागतात. पाण्याच्या उथळ भांड्यांत रंगीत गोट्या टाकाव्या. चकाकणाऱ्या वस्तूवर चोंच मारतां मारतां पाणी तोंडांत जातें, आणि पिलूं पाण्यांत बुडण्याचें भयही टळतें. मुलांनीं आपल्या गोट्या या कामीं खुशाल द्याव्या.

ऊब दोघांसही लागते, पण टर्कीच्या पिलास थंडी व ओल अधिक बाधते. पहिल्या आठवड्यांत पिलांच्या पाठीच्या उंचीवर सुमारें ९५ अंश फारेनहाइट उष्णता असावी व पुढें दर आठवड्यास ५ अंशांनीं ती कमी करावी. पिलें दिव्याखालीं एकमेकांवर चढूं लागलीं तर त्यांस थंडी वाजते आहे, आणि कडेला जाऊन चोंच उघडून धापा टाकूं लागलीं तर उष्णता फार झाली, असें समजावें. बदकाचीं पिलें मात्र यांच्यांत मुळींच ठेवूं नयेत. तीं पाण्याशीं खेळून तासाभरांत सगळें तूस भिजवितात. त्यांस त्याचें कांहीं वाटत नाहीं, पण टर्कीचीं पिलें गारठून जातात.

खाद्याच्या बाबतींत एक गोष्ट पालकांनीं नीट ध्यानांत ठेवावी. टर्कीच्या पिलाच्या खाद्यांत आरंभीं शेंकडा सुमारें २८ भाग प्रथिनें लागतात. कोंबडीच्या पिलास २० ते २२ भाग पुरतात. दोन्ही एकत्र असतील तर टर्कीचें खाद्य सर्वांस द्यावें. कोंबडीच्या पिलांस त्यानें कांहीं अपाय होत नाहीं. उलट केल्यास टर्कीचीं पिलें खुरटतात व त्यांचे पाय दुबळे होतात. उकडलेल्या अंड्याचा चुरा व बारीक चिरलेली कांद्याची पात हीं दोन्हीं त्यांस आवडतात. शिवाय बाजारांतील कोंबडीच्या कांहीं तयार खाद्यांत रक्ती हगवणीवर प्रतिबंधक म्हणून सॅलिनोमायसिन नांवाचें औषध घातलेलें असतें. तें कोंबडीस मानवतें, परंतु टर्कीस विषासमान आहे. म्हणून पोत्यावरील चिठ्ठी वाचल्यावांचून तें खाद्य टर्कीस घालूं नये.

येथपर्यंत पाहिलें तर कोंबडीचें पिलूं हें टर्कीच्या पिलाचें गुरूच ठरतें. मग दुसरा सल्ला कशासाठीं? याचें उत्तर ‘ब्लॅकहेड’ या रोगांत आहे. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऱ्होड आयलंड संस्थानांत टर्कींचे कळपच्या कळप या रोगानें नाहींसे होऊं लागले. १८९५ सालीं थिओबाल्ड स्मिथ या संशोधकानें रोगी टर्कींच्या यकृतांत व अंधांत्रांत, म्हणजे आंतड्याच्या बंद टोंकाच्या पिशव्यांत, एक अतिसूक्ष्म एकपेशी जीव दाखवून दिला. पण तो एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे कसा जातो हें कोडें राहिलेंच; कारण विष्ठेबरोबर उघड्यावर पडलेला हा जीव थोड्याच वेळांत मरतो. १९२० सालीं ग्रेबिल व स्मिथ यांनीं त्याचा उलगडा केला. कोंबडीच्या अंधांत्रांत एक बारीक पांढरा जंत राहतो. त्याचीं अंडीं टर्कीच्या पिलांस चारलीं असतां त्यांस हा रोग होतो, असें त्यांनीं प्रयोगानें सिद्ध केलें. रोगाचा जीव जंताच्या अंड्यांत दडून बसतो, आणि तें अंडें जमिनींत कित्येक वर्षें जिवंत राहूं शकतें. गांडूळ माती खातां खातां हीं अंडीं गिळतें व आपल्या शरीरांत सांठवितें. मग पावसाची सर येऊन गेल्यावर वर आलेलें एक गांडूळ पिलाच्या चोंचींत सांपडलें कीं काम झालें.

यांत विलक्षण गोष्ट अशी कीं, ज्या कोंबडीच्या पोटांत हा सगळा प्रकार चाललेला असतो ती बहुधा धडधाकट दिसते, अंडीं घालते, जमीन उकरते. टर्कीचीं अंडीं खुडूक कोंबडीखालीं उबविण्याची चाल आहे. कोंबडीस तीं परकीं वाटत नाहींत; ती त्या पिलांनाही मायेनें पंखाखालीं घेते आणि उकरून काढलेलें गांडूळ त्यांच्याच पुढें टाकून त्यांस हांका मारते. पिलें धांवत येतात. तीनचार आठवड्यांचीं, चांगलीं सशक्त पिलें नंतर एकाएकीं पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यांत उभीं राहतात. विष्ठा गंधकासारखी पिवळी होते. आणि एकदोन आठवड्यांत शंभरांतील ऐंशीनव्वदही दगावूं शकतात. मेलेल्या पक्ष्याच्या यकृतावर बशीसारखे खोलगट गोल डाग दिसतात. डोकें काळवंडतें म्हणून रोगास तें नांव पडलें खरें, पण प्रत्येक वेळीं डोकें काळें होतेंच असें नाहीं, तेव्हां नांवावर विसंबूं नये. एकदां रोग लागल्यावर खात्रीचा इलाज हातीं नाहीं. नायटार्सोन नांवाचें एक सोमलयुक्त औषध अमेरिकेंत प्रतिबंधासाठीं वापरीत असत. तेंही २०१५ च्या अखेरीस मागें घेण्यांत आलें.

तेव्हां सोबत किती दिवस द्यावी, एवढाच प्रश्न उरतो. जंताचें अंडें पोटांत गेल्यापासून जंत वाढून स्वतः अंडीं घालूं लागेपर्यंत सुमारें चार आठवडे जातात. जें कोंबडीचें पिलूं यंत्रांत उबविलेलें आहे, ज्यानें अंगणाची माती पाहिलेली नाहीं, त्याच्या पोटांत हा जंत यावा कोठून? असें पिलूं कोरड्या तुसावर टर्कीच्या पिलांसमवेत दोन आठवडे ठेवण्यास आम्हांस हरकत दिसत नाहीं. शिकवणी पुरी झाली कीं त्यास काढून घ्यावें. याउलट अंगणांत फिरलेली कोंबडी, ती कितीही शहाणी असो, टर्कीच्या पिलांजवळ येऊं देऊं नये. गिनी कोंबड्यांपासूनही तीं दूरच ठेवावीं.

पुढें टर्कीचीं पिलें जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून दोन फूट उंच माचावर ठेवावीं, म्हणजे विष्ठा खालीं पडते व गांडुळांशीं गांठ पडत नाहीं. कोंबड्यांकडे जाऊन आल्यावर त्याच पायतणांनीं टर्कीच्या जागेंत शिरूं नये. आधीं टर्कीचें काम उरकावें, मग कोंबड्यांकडे जावें. जमिनीवर सोडावयाचें तर ज्या जागेवर निदान तीन वर्षांत कोंबड्या फिरल्या नाहींत अशी कोरडी जागा पाहावी. अशी जागा ज्याच्यापाशीं नाहीं व माच बांधण्याची ज्याची ऐपत नाहीं, त्यानें कोंबड्या किंवा टर्की यांपैकीं एकच कांहीं तरी पाळावें, हें आम्ही स्पष्ट सांगतों. सुमारें आठव्या आठवड्यापासून पिलांच्या मानेवर तांबड्या गांठी उठूं लागतात व चोंचीवरची लहानशी सोंड वाढूं लागते. या सुमारास तीं रात्रीं उंच जागीं बसूं पाहतात. तेव्हां त्यांस एक जाड आडवी दांडी बांधून द्यावी, नाहीं तर तीं उडून शेजाऱ्याच्या कौलांवर जाऊन बसतात.