गच्चीवरच्या कुरडया आणि लाल तोंडाची पलटण

गेले काही भाग आपण सीमेवरच्या गोष्टी बोलत होतो. आज माझ्या घराच्या मागच्या अंगणात जाऊ या. हसू नका. निवृत्तीनंतर मी ज्या काही लढाया हरलो, त्या सगळ्या इथेच हरलो आहे.

आम्ही लखनऊला राहतो. शेवटचं पोस्टिंग इथल्या छावणीत होतं, मुलगी इथेच नोकरीला लागली, आणि मग तेलीबागेच्या बाजूला जागा घेऊन घर बांधलं. या भागात निवृत्त फौजी बरेच. मागे जुनी आमराई होती, तिची दोन दशहरी झाडं आमच्या कुंपणात आली. एक जांभूळ, एक पेरू आणि भिंतीपलीकडे एक म्हातारा कडुनिंब. कोकणातल्या माणसाला एवढी हिरवळ दिसली की घर पसंत. त्या हिरवळीत आधीपासून कोण कोण राहतं, याची चौकशी मी केली नाही. पायदळातल्या माणसाने जागेची टेहळणी न करता तळ ठोकला!

आधी आमच्या कुत्र्याची ओळख करून देतो. खंड्या. जातीने कारवानी, म्हणजे ज्याला कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणतात तो. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात नावारूपाला आणली, पंचम जॉर्जला या कुत्र्यांची जोडी भेट दिली. लष्कराने २०१६ च्या सुमारास मेरठच्या रिमाउंट व्हेटरनरी कोरच्या केंद्रात ही कुत्री प्रशिक्षणासाठी घेतली, तेव्हापासून माझ्या मनात होतं. सोलापूरकडच्या एका मेंढपाळाकडून दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. नाव 'सुभेदार' ठेवणार होतो, पण माझ्या पलटणीतले खरे सुभेदार साहेब घरी येतात-जातात, त्यांच्यासमोर हाक कशी मारणार? म्हणून खंड्या. लखनऊची माणसं इतकी अदबशीर, की आमचे शेजारी त्याला 'खंडू जी' म्हणतात. एकदा दारात येऊन म्हणाले, "कर्नल साहब, हमारी एक चप्पल शायद खंडू जी ले आए हैं." चोरीची तक्रार इतक्या आदराने मी आयुष्यात ऐकली नव्हती.

ही जात नजरेने शिकार करणारी आहे. वास घेत बसत नाही, हललेलं दिसलं की धावते. खार पळाली, हा पळाला. मांजर पळालं, हा पळाला. मागे बोलावलेलं अर्ध्या वाटेत ऐकूच येत नाही. शिवाय अंगावर केस आखूड आणि चरबी नाही, त्यामुळे लखनऊच्या जानेवारीतल्या धुक्यात तो कुडकुडतो. हिने माझ्या जुन्या कांबळ्याची झूल शिवली. ती घालून तो सकाळी दारात बसला, की सेंट्री पोस्टवर जवान उभा असल्यासारखं वाटतं.

आता मूळ रहिवासी. मुंगसाची एक जोडी जळाऊ लाकडांच्या ढिगाखाली असते. मुंगूस घरात असलं की साप येत नाही हे पूर्ण खरं नाही, पण उंदीर नक्की कमी होतात. नागाच्या विषाचा त्याच्या नसांवर आपल्याइतका परिणाम होत नाही, हे खरं. मात्र तोही काही अमर नाही, त्याची खरी ढाल म्हणजे त्याची चपळाई. या प्राण्याचा मोठा शत्रू साप नाहीच. शत्रू आहे चित्रकलेचा ब्रश. त्याच्या राठ केसांच्या ब्रशसाठी मुंगसं मारली जातात, कायद्याने बंदी असूनही.

मग घोरपड. एका पावसाळ्यात हिचं लहान पिल्लू पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यात निघालं आणि आमचा माळी काठी घेऊन धावला. "साहब, बिसखोपड़ा है, काट ले तो आदमी पानी नहीं माँगता!" इकडे घोरपडीच्या पिल्लाला बिसखोपडा म्हणतात आणि ते महाविषारी आहे अशी पक्की समजूत आहे. आपण मराठी माणसं तान्हाजी आणि यशवंतीची कथा ऐकत वाढलो, आपल्याला घोरपड म्हणजे भिंतीला चिकटणारी मावळ्यांची मैत्रीण. घोरपडे हे आडनावही तिच्यावरूनच आलं असं सांगतात. मी माळ्याला गडाची गोष्ट सांगितली. त्याने सगळी ऐकली आणि काठी खाली ठेवली नाही. मग मी सांगितलं, की हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारला तर तुरुंग. तेव्हा काठी खाली आली. इतिहासापेक्षा कायदा चालला. घोरपडीचं दंतविष माणसाचा जीव घेत नाही. उलट तिचाच जीव आपल्या अंधश्रद्धा घेतात. पूजेच्या दुकानात 'हत्थाजोडी' नावाचं दुर्मीळ मूळ मिळतं, हात जोडल्यासारखं दिसतं, तिजोरीत ठेवायला. ते मूळबीळ काही नाही. २०१७ साली उघड झालं, की ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. आता कुणाच्या तिजोरीत असेल तर बघा!

इथपर्यंत सगळं गमतीचं. आता माकडं.

आपल्याकडे महाराष्ट्रात दोन प्रकार. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर आणि डोक्यावर केसांची टोपी असलेलं लाल तोंडाचं माकड. उत्तरेतलं ऱ्हिसस माकड वेगळं. शेपूट आखूड, डोक्यावर टोपी नाही, मागचा भाग तांबूस. तापी आणि गोदावरीच्या पट्ट्यात ढोबळमानाने यांची हद्द बदलते. ऱ्हिससची टोळी ही माद्यांची असते. मुली आईच्या टोळीत राहतात, मुलगे वयात आले की बाहेर पडतात. गालात पिशव्या असतात, त्यामुळे समोरचं आधी तोंडात कोंबायचं आणि नंतर झाडावर बसून निवांत चावायचं. म्हणजे छापा टाकून रसद पळवण्यासाठीच निसर्गाने घडवलेलं सैन्य.

आणि त्या सैन्याला रसद मीच पुरवत होतो. इथे मंगळवारी माकडांना चणे-केळी घालायची पद्धत आहे. ज्येष्ठातले मंगळवार तर लखनऊमध्ये 'बडा मंगल' म्हणून साजरे होतात, रस्तोरस्ती भंडारे, पुरी-भाजी, सरबत, आणि त्यात सगळ्या धर्मांची माणसं. फार सुंदर प्रथा आहे. शेजाऱ्यांनी म्हटलं म्हणून मीही मंगळवारी गच्चीवर केळी ठेवू लागलो. मग पोपटांसाठी पेरू, साळुंक्यांसाठी भात, उन्हाळ्यात पाण्याची परात. मला वाटायचं मी पक्षिमित्र झालो.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. हिने गव्हाचा चीक काढून कुरडया घातल्या होत्या. लखनऊमध्ये कुरडई विकत मिळत नाही, आणि मुलीच्या घरी नातवंडांना गौरी-गणपतीत हीच लागते. गच्चीवर जुन्या साडीवर पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत होत्या. दुपारी तीनच्या सुमारास धपधप आवाज झाला. ही काठी घेऊन वर गेली. मी झोपलो होतो आणि गच्चीचं दार उघडं ठेवणारा मीच. खंड्या तिच्या मागून तीरासारखा वर गेला.

बाकीची माकडं टाकीवरून उड्या मारून गेली. एक मादी मात्र पोटाशी पिल्लू घेऊन कठड्याच्या कोपऱ्यात अडकली. एका बाजूला भिंत, समोर खंड्या आणि दोघांच्या मध्ये ही. माकडाच्या भाषेत डोळ्याला डोळा देणं म्हणजे आव्हान. हिने तिच्याकडे बघतच काठी उगारली. फौजेतही आम्हाला तेच शिकवतात, शत्रूच्या नजरेला नजर द्या. इथे बरोबर उलट हवं. नजर खाली, पाठ न वळवता हळूहळू मागे, आणि तिला पळायला वाट मोकळी ठेवायची. मादीने वाट काढली ती हिच्या हातावरून. मनगटाच्या वर खोल चावा, दोन ठिकाणी. खंड्याचा कान फाटला.

मी वर पोहोचलो तेव्हा ती कुरडया गोळा करत होती. रक्त साडीवर टपकत होतं आणि ही म्हणते, "निम्म्या तरी वाचल्या."

आता इथे नीट ऐका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. पंधरा मिनिटं फार लांब असतात, करून बघा. रेबीजचा विषाणू साबणाने मरतो, आणि हा उपचार घरातच, फुकटात होतो. हळद, चुना, मिरचीची पूड काही लावायचं नाही. मग ताबडतोब दवाखाना. आम्ही जवळच्या एका दवाखान्यात गेलो, नाव घेत नाही. तिथल्या तरुण डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, माकडाला रेबीज नसतो, घरी जा. मी उठलोही होतो. ही म्हणाली, "लेखी द्या." मग ते थांबले, फोनाफोनी झाली, आणि आम्हाला मोठ्या रुग्णालयात पाठवलं.

जगात माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी जवळपास सगळा कुत्र्यांकडून येतो, हे खरं. पण तो कोणत्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो, माकडालाही. आणि लक्षणं दिसली की वाचणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे 'बहुधा नसेल' या शब्दाला इथे जागा नाही. रक्त आलेला चावा म्हणजे तिसरी श्रेणी. त्यात लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, थेट जखमेत आणि भोवती टोचतात. कारण लशीने शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवायला काही दिवस घेतं, तेवढ्या दिवसांचा पहारा ही उसनी फौज करते. अशी जखम शक्यतो लगेच शिवत नाहीत. लस पहिल्या दिवसाला शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ अशी दंडात दिली. सरकारी रुग्णालयात कातडीत देण्याची पद्धत असते, तिचं वेळापत्रक थोडं वेगळं. कोणतंही असो, डोस चुकवायचा नाही. खंड्याची वार्षिक लस झालेली होती, तरी त्यालाही पशुवैद्यांनी पुन्हा दिली.

त्या अठ्ठावीस दिवसांत मी रात्री उठून तिच्या कपाळाला हात लावून बघत होतो. ताप रेबीजचाच असतो असं नाही, मला माहीत होतं. तरी बघत होतो. शेवटचा डोस झाला त्या दिवशी तिने विचारलं, "आता झोपाल का?"

पहिल्या आठवड्यात माझा राग मात्र माकडांवर होता. पकडून घेऊन जा म्हणून मी दोन कार्यालयांत गेलो. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे. त्यामागे कारणही आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि तिच्यात ऱ्हिसस माकड अनुसूचीतून वगळलं गेलं. त्यामुळे हा प्राणी धड वन्य नाही, धड पाळीव नाही. कुणी म्हणालं लंगूरवाला ठेवा. वानर अजून संरक्षित आहे, त्याला दोरीने बांधून फिरवणं गुन्हा. २०२३ मध्ये दिल्लीत जी-२० परिषदेच्या वेळी म्हणूनच वानरांचे कटआउट लावले आणि वानराचा आवाज काढणारी माणसं नेमली. मीही एक कटआउट आणला. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी त्याच्या डोक्यावर एक पिल्लू बसून पेरू खात होतं. तो माझाच पेरू.

आणि एक टोळी हलवली तरी उपयोग होत नाही. खाणं आणि पाणी जागेवरच असेल तर रिकामी जागा शेजारची टोळी घेते. हे आम्हाला डावपेचांच्या पहिल्या वर्गात शिकवलेलं, ते मला केळी ठेवताना आठवलं नव्हतं.

मग रसद तोडली. केळी बंद, भात बंद. टाकीची झाकणं साखळीने बांधली, कचऱ्याचा डबा घरात आला, पेरू अर्धकच्चेच उतरवायला लागलो. शेजाऱ्यांशी बोलणं सर्वांत अवघड. श्रद्धेच्या गोष्टीत 'बंद करा' म्हणायचा मला काय अधिकार? शेवटी एवढं ठरलं, की चणे वस्तीत न घालता दूर, कालव्याच्या बाजूला घालायचे. निम्मे लोक पाळतात. निम्मे पाळत नाहीत. पहिले दोन महिने माकडं जास्तच चिडली, डिशची तार तोडली, माझी बनियन नेली. नंतर फेऱ्या कमी झाल्या. संपल्या नाहीत.

लखनऊला तक्रार करायला तशी मला तोंड नाही. २०२४ च्या डिसेंबरात इथून जवळच, मलिहाबादच्या बाजूच्या रहमानखेड्याला वाघ आला आणि वनखात्याला तो पकडायला मार्च उजाडला, सुमारे ९० दिवस. त्याच फेब्रुवारीत शहरातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये बिबट्या घुसला, वऱ्हाड रस्त्यावर. त्या लोकांपुढे मी कुरडयांचं रडगाणं काय गाणार?

या वर्षी कुरडया पुन्हा घातल्या. मी पाइप आणून मच्छरदाणीच्या आकाराचा जाळीचा पिंजरा केला, दोन फूट उंच, खाली कडी. माकडं येऊन जाळी हलवून गेली. गच्चीचं दार आता माझ्या खिशातल्या किल्लीशिवाय उघडत नाही. खंड्या आता म्हातारा झाला आहे, जिना चढायला दोनदा विचार करतो, पण धपधप ऐकू आली की कान उभे. फाटलेला अर्धाच उभा राहतो.

आणि भिंतीपलीकडच्या कडुनिंबाच्या ढोलीत राखी धनेशाची मादी बसली आहे. ती आत जाऊन आपल्याच विष्ठेने तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत पिसं झडतात, अंडी उबवते, पिल्लं जरा मोठी होईपर्यंत बाहेर येत नाही. तोवर नराने उंबरं, पिंपळाची फळं, किडे आणून द्यायचे. त्याच्या भरवशावर सगळं. ही रोज चार वाजता खुर्ची टाकून त्याच्या फेऱ्या मोजते, हातावरच्या दोन पांढऱ्या वणांवर वही ठेवून. काल सहा वाजेपर्यंत अकरा झाल्या. खंड्याला जेवण द्यायचं मात्र दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं, ते त्यानेच ताटली ओढत आणून सांगितलं.