परळची बीव्हीएससी आणि इंग्लंडची गाय



आपण आयटीवाले इकडे तसे सुखी. यूकेत स्वतःला इंजिनीअर म्हणवून घ्यायला कुणाचा परवाना लागत नाही. डिग्री पुण्याची की कराडची, हेही क्लायंट विचारत नाही. जनावरांच्या डॉक्टरचं मात्र वेगळं आहे. १९६६ च्या व्हेटरिनरी सर्जन्स अ‍ॅक्टप्रमाणे रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्सच्या (आरसीव्हीएस) रजिस्टरमध्ये नाव नसेल, तर शेजाऱ्याच्या मांजराला टाके घालणंसुद्धा गुन्हा!

गंमत बघा. परळचं बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज १८८६ साली ब्रिटिश अमदानीतच सुरू झालं. तरी तिथली बीव्हीएससी इथे थेट चालत नाही. आरसीव्हीएसची स्टॅट्युटरी मेंबरशिप एक्झाम द्यावी लागते. आधी इंग्रजीचा पुरावा, मग लेखी, मग प्रात्यक्षिक. कुत्री-मांजरं, घोडे, गाई-मेंढ्या-डुकरं आणि मांस-दुधाची सुरक्षितता, सगळं सिलॅबसमध्ये.

आपल्याला वाटतं, गाय ती गायच, परत परीक्षा कशाला? पण कामच वेगळं आहे. लाळ्या-खुरकूत आपल्याकडे नेहमीचा, त्यावर लसीकरण चालतं. इथे २००१ च्या साथीत ६० लाखांहून जास्त जनावरं मारून तो रोग संपवला. गाय टीबीच्या टेस्टमध्ये सापडली की कायद्यानेच तिची कत्तल होते. कत्तलखान्यात जनावरं तपासायलाही व्हेटच लागतो. आपल्याकडून आलेल्या माणसाने याची मनाशी तयारी करूनच यावं.

शहरातल्या दवाखान्यात आणखी निराळं. प्राण्यांना एनएचएस नाही. बिल मालकाच्या किंवा इन्शुरन्सच्या खिशातून, त्यावर २० टक्के व्हॅट. त्यामुळे उपचाराआधी खर्चाचं बोलावं लागतं. म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन देऊन रडणाऱ्या घरच्यांना धीर देणं, हेही रोजच्या कामातलंच. शिवाय २४ तास इमर्जन्सीची सोय करणं आरसीव्हीएसच्या नियमात आहे.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आपल्यापैकी कुणाची बायको, नवरा, भाची बीव्हीएससी असते. डिपेंडंट व्हिसावर येतात, "पोचल्यावर बघू" म्हणतात. मग घर, मुलं, नर्सरीची फी यात वर्षं जातात, आणि गाभण म्हशीला रात्री-बेरात्री सोडवणारा हात सुपरमार्केटच्या टिलवर बसतो. त्या कामात कमीपणा काहीच नाही, पण साडेपाच वर्षांचं शिक्षण वाया जातं त्याचं काय?

तेव्हा विमानाचं तिकीट काढायच्या आधी तीन गोष्टी करा. डिग्री, मार्कशीट आणि राज्य परिषदेच्या नोंदणीचे कागद हाताशी ठेवा. इंग्रजीची परीक्षा भारतातच द्या. आणि इथे आल्यावर दवाखान्यात असिस्टंटचं काम मिळालं तर घ्या. उपचार करता येणार नाहीत, पण इथली पद्धत समजेल. आणि घरातल्या इंजिनीअरने परीक्षा होईपर्यंत संध्याकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घ्यावा. खिचडी सगळ्यांनाच येते!