जर-तरच्या कथा आणि त्यांचा वाचक



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने विज्ञानकथांच्या संग्रहांवर बोलायला उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पगारवाढ, बोनस, भविष्य निर्वाह निधी हे आमचे विषय. यंत्रमानव आणि परग्रहावरच्या वस्त्या हे भरल्या पोटाचे विषय, अशी साधारण समजूत आहे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. ज्याची उद्याची भाकरी उद्याच्या यंत्रावर अवलंबून आहे, त्याला उद्याच्या जगाची चौकशी करण्याची सर्वांत अधिक गरज आहे. आणि ती चौकशी करण्याचे एक स्वस्त व चांगले साधन म्हणजे या कथा होत.

प्रथम या कथा कशाला म्हणावयाचे ते पाहू. विज्ञानकथा, अद्भुतकथा, घडून गेलेला इतिहास वेगळा घडला असता तर काय झाले असते याची कथा, असे त्यांचे निरनिराळे प्रकार आहेत. पण सर्वांच्या मुळाशी एकच शब्द आहे, आणि तो म्हणजे ‘समजा’. लेखक जगातली एकच गोष्ट बदलतो आणि बाकीचे जग त्याच्या नेहमीच्या नियमाने चालू देतो. आपण भिवंडीकर आहोत, तेव्हा मागावरचे उदाहरण घेऊ. बाण्यातला एक धागा वेगळ्या रंगाचा आला, तर कापडावर एक आडवी रेघ उमटते आणि संपते. पण ताण्यातला एकच धागा बदलला, तर ती रेघ तागा संपेपर्यंत सोबत चालते. चांगला विज्ञानकथाकार ताण्यातला धागा बदलतो, आणि मग कापड कसे दिसते ते आपल्याला उलगडून दाखवतो.

डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पाहा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाईचे पारडे फिरले, हे आपण शाळेत शिकलो. नारळीकरांनी इतकेच केले की ती गोळी विश्वासरावांना चाटून जाऊ दिली. मराठे जिंकले. मग कंपनी सरकारचा विस्तार थांबला, देश आपल्या वाटेने लोकशाहीकडे आला आणि इंग्रज मुंबईत तेवढे भाडेपट्ट्याने उरले. अशा त्या मुंबईत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत जाऊन पोहोचतात. आझाद मैदानावर एक व्याख्यान चाललेले असते आणि व्यासपीठावरची अध्यक्षाची खुर्ची रिकामी असते. सवयीप्रमाणे ते तिच्यावर जाऊन बसतात. श्रोते खवळून उठतात! त्या जगात लांबलचक परिचय, आभार आणि अध्यक्षीय समारोप हे सारे लोकांनी केव्हाच मोडीत काढलेले असते. आमच्या अध्यक्षमहाराजांनी घाबरून जाऊ नये; आपण अजून जुन्याच जगात आहोत.

परंतु या विनोदात एक मर्म आहे. जी रूढी आपल्याला डोंगरासारखी अढळ वाटते, ती माणसांनीच कधीतरी ठरवलेली असते आणि माणसांना ती बदलता येते. वाचकाला या कथांची जी ओढ लागते, तिचे पहिले कारण मला हेच दिसते. आजचे जग हे अनेक शक्यतांपैकी एक आहे, याची आठवण त्या करून देतात.

दुसरा प्रश्न असा की या कथा संग्रहातच अधिक का शोभतात? मराठीपुरते उत्तर द्यायचे तर आपला खरा कथासंग्रह म्हणजे दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि अनेक लेखकांना एका वेष्टनात वाचण्याची सवय मराठी माणसाला लागली. पुढे अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अद्भुत आणि भय या रसांना हक्काचे घर दिले. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली आणि तिने विज्ञानकथांच्या स्पर्धा सुरू केल्या. १९७४ च्या स्पर्धेत पहिली आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा कोणा नारायण विनायक जगताप यांच्या नावाने आली होती. हे जगताप म्हणजे स्वतः नारळीकर. आपल्या मोठ्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. नाव न बघता काम जोखावे, हे आम्ही कामगार वर्षानुवर्षे मागत आलो आहोत. येथे एका शास्त्रज्ञाने ते आपण होऊन मागून घेतले. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी नारळीकरांच्या या लेखनाची दखल घेतली, आणि १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा संग्रह आला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे अशी लेखकांची एक फळीच उभी राहिली.

बाहेरच्या जगातही वाट अशीच गेली आहे. अमेरिकेत १९२६ साली केवळ विज्ञानकथांना वाहिलेले ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक निघाले. १९४३ मध्ये डोनाल्ड वोलहाइम यांनी अशा निवडक कथांचे खिशात मावेल एवढे पुस्तक केले. मासिक रद्दीत जाते, संग्रह कपाटात राहतो. मासिकाच्या गर्दीतली चांगली कथा वाचवणे हे संग्राहकाचे काम. आपल्याकडे नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये फोंडके यांच्या संपादनाखाली निरनिराळ्या भारतीय भाषांतल्या एकोणीस विज्ञानकथा इंग्रजीत एकत्र आणल्या. मराठी, तमिळ, कन्नड, बंगाली लेखक त्यात शेजारी शेजारी बसले आहेत. ज्या गावात एकाच गाळ्यात तेलुगू, उर्दू, भोजपुरी आणि मराठी बोलणारे हात शेजारच्या मागांवर चालतात, त्या गावाला अशा पुस्तकाचे मोल वेगळे सांगायला नको.

संग्रहाची गोडी तीन कारणांनी आहे, असे मी समजतो. पहिले कारण वेळेचे. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला पाचशे पानांची कादंबरी हाती घेणे जड जाते. एक कथा मात्र झोपण्यापूर्वी पुरी होते आणि दुसऱ्या दिवशी कामावर डोक्यात घोळत राहते. दुसरे कारण असे की अशी प्रत्येक कथा वाचकाला कामाला लावते. नव्या कारखान्यात पहिल्या दिवशी गेलेला माणूस जसा कोण मुकादम, कोठे पाणी, कोणता आवाज धोक्याचा हे स्वतःच हेरतो, तसे नव्या कथेच्या जगाचे नियम वाचकाला हेरावे लागतात. संग्रहात हा पहिला दिवस दहा-पंधरा वेळा येतो. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एका लेखकाची कादंबरी एकच भविष्य सांगते. संग्रहात भविष्ये एकमेकांशी भांडतात. एका कथेत यंत्र माणसाला मुक्त करते, दुसऱ्या कथेत तेच त्याच्या मानेवर बसते. वाचकाला निवाडा स्वतः करावा लागतो. चांगल्या सभेतही हेच होते.

आता आक्षेप असा घेतला जातो की हे सारे पळून जाणे आहे. या आक्षेपाला मी तीन कथावस्तूंनी उत्तर देतो. ‘रोबो’ हा शब्द आज पोराटोरांच्या तोंडी आहे. तो आला कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून, आणि त्याचे मूळ ज्या चेक शब्दात आहे त्याचा अर्थ होतो वेठ! म्हणजे यंत्रमानव जन्मला तोच वेठबिगार म्हणून, आणि नाटकाच्या अखेरीस तो बंड करून उठला. दुसरी कथा रोकेया हुसेन या बंगाली लेखिकेची, १९०५ ची ‘सुलतानाज् ड्रीम’. तिच्यात कारभार बायका पाहतात, पुरुष पडद्यात असतात, चूल सूर्याच्या उष्णतेवर पेटते आणि दिवसाचे काम दोन तासांत आटोपते. तिसरी ई. एम. फॉर्स्टर यांची, १९०९ ची, म्हणजे ‘मनोरंजन’च्या त्या दिवाळी अंकाच्याच वर्षातली. तिच्यात माणसे जमिनीखाली एकेकट्या खोलीत राहतात, व्याख्यानेसुद्धा यंत्रातून देतात आणि ऐकतात. एके दिवशी यंत्र बंद पडते. वेठ, कामाचे तास, माणसाचे एकाकीपण: यांतला कोणता विषय आपल्या गावाबाहेरचा आहे?

आणि कल्पनेला कमी लेखणाऱ्यांनी एक आठवावे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी मागितली, तेव्हा मालकांच्या दृष्टीने तीही एक अद्भुतकथाच होती. १८९० साली ती खरी झाली. प्रत्येक मागणीपत्रक ‘समजा’ या शब्दानेच मनात सुरू होते.

तरीही या कथांकडे माझी एक तक्रार आहे. त्यांचा नायक फार करून शास्त्रज्ञ असतो. प्रयोगशाळा झाडणारा, यान जोडणारा, यानातल्या लोकांचे कपडे विणणारा क्वचितच दिसतो. १९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्यांचे बरेच काम आपल्या यंत्रमागांवर आले. आता धोट्याशिवाय चालणारे माग आले आहेत, आणि शहराभोवती गोदामांची रांग उभी आहे. ‘समजा, उद्या गाळ्यात माणूसच लागला नाही, तर?’ हा प्रश्न आमच्या युनियनच्या बैठकीत रोज निघतो. पण त्याचे उत्तर कथेत बांधायला आमच्यातला कोणी बसलेला नाही. उद्याचे जग कसे असावे हे कल्पिण्याचे काम आपण दुसऱ्यांवर सोपवले, तर त्या जगात आपली जागाही तेच ठरवतील.

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपल्या वाचनालयाच्या मागणीवहीत अशा एखाद्या संग्रहाचे नाव लिहा. घरात रविवारी त्यातली एक कथा मोठ्याने वाचा आणि मुलांना शेवट आधी सांगू नका. आणि ज्याच्या हाताला लेखणीची सवय आहे, त्याने भिवंडीचा ताण्यातला एक धागा बदलून पाहावा.