पाण्याची साक्ष देणारी विहीर

विहीर म्हटली कीं मोट, रहाट, पोहरा किंवा विजेचा पंप आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु जिच्यांतून कोणी तांब्याभर पाणीहि पिण्यासाठीं काढीत नाहीं, अशीहि एक विहीर असते. तिचें काम पाणी देण्याचें नसून पाण्याविषयीं खरी साक्ष देण्याचें आहे. तिला निरीक्षण विहीर म्हणतात. ती कशी तयार करतात, व तिची साक्ष कशानें खोटी ठरते, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

बडनेऱ्याच्या वाचकांस हा विषय परका नाहीं. आपल्या जिल्ह्यांत मोर्शी-वरुडकडे संत्र्याच्या बागांसाठीं विंधन विहिरी अधिकाधिक खोल जात राहिल्या. पश्चिमेस भातकुली-दर्यापुराकडे पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा आहे. तेथें पाणी लागलें तरी तें गोड निघेलच असा भरंवसा नाहीं. भूगर्भांतील पाणी डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून किती उपसावें हें अंदाजावर सोडलें जातें. मग जो अधिक खोल जातो तो शेजाऱ्याचेंहि पाणी ओढतो. महाराष्ट्रानें भूजलाचा कायदा केला. परंतु कायद्यासही आधार मोजमापाचाच लागतो.

हें मोजमाप राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां घेतली जाते. वापरांतील विहिरींवर मोजण्यांत एक अडचण असते. सकाळीं पंप चालला असेल, तर दुपारीं दिसणारी पातळी जमिनींतील पाण्याची नसून उपशाची असते. म्हणून १९९५ सालीं जागतिक बँकेच्या साह्यानें सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पांत केवळ मोजण्यासाठीं नळीच्या विहिरी घेण्यांत आल्या, व पातळी आपोआप टिपणारीं यंत्रेंहि बसविण्यांत आलीं.

अशी विहीर म्हणजे जमिनीस पाडलेलें नुसतें भोंक नव्हे. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग लाव्हाच्या थरांनीं बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. अखंड पाषाणांत पाणी नसतें. तें मुरमांत, भेगांत व दोन थरांच्या सांध्यांत असतें. प्रत्येक थरांतील पाणी निराळ्या पातळीवर उभें राहूं शकतें. सर्व थर एकाच उघड्या भोंकांत मिसळले, तर आलेला आंकडा कोणत्याच थराचा नसतो. म्हणून विंधतांना दर कांहीं मीटरांस निघालेला चुरा निराळा ठेवून त्याची नोंद करतात. ज्या थराची साक्ष हवी, तेवढ्याच थरासमोर भेगा पाडलेली नळी येईल अशी योजना करतात. तिच्या भोंवतीं स्वच्छ, गोल गारेची बारीक खडी भरतात. तिच्यावर बेंटोनाइट नांवाची माती घालतात. ही भिजली म्हणजे फुगते व वाट घट्ट बंद करते. त्यावर सिमेंट, जमिनीवर उतरता चौथरा, आणि नळीच्या तोंडास कुलपाचें झांकण. हें बूच कच्चें राहिलें, तर पावसाचें मैल पाणी नळीच्या कडेनें खालीं उतरतें. आणि खारपाणपट्ट्यांत एका थराचें खारें पाणी दुसऱ्या थराचें गोडें पाणी नासवूं शकतें. जी विहीर रक्षणासाठीं खणली, तीच अपायाची वाट होते.

इतकें झालें तरी विहीर अजून मुकी असते. विंधतांना झालेली भुकटी व चिखल भेगांत बसलेला असतो. तो काढण्याच्या कामास विहिरीचा विकास म्हणतात. केवळ पाणी उपसून तो नीट होत नाहीं. बडनेरा स्टेशनावर गाडी आली म्हणजे डब्याच्या दारांत सर्वजण एकाच दिशेनें रेटतात व अडकून बसतात. कोणी दोन पावलें मागें सरला कीं वाट मोकळी होते. वाळूचे कणहि असेच कमान धरून अडतात. म्हणून नळींत दट्ट्या वरखालीं हलवून पाणी आळीपाळीनें आंत-बाहेर खेळवितात. प्रारंभीं हळू, मग जोरानें. सुटलेला गाळ हवेच्या दाबानें किंवा पोहऱ्यानें काढतात. पाणी निवळ येऊन त्यांतील क्षारांचें प्रमाण स्थिर होईपर्यंत हें चालतें. शेवटीं नळींत थोडें पाणी ओतून पाहतात. चढलेली पातळी पूर्ववत् खालीं आली, तर विहीर थराशीं जोडलेली आहे. ती तशीच अडून राहिली, तर ती नळी केवळ सांचलेलें पाणी दाखवीत आहे.

मोजण्याची रीत मात्र अगदीं सोपी आहे. पोलादी फितीच्या टोकास खडू फांसून ती आंत सोडावी. कांठावरील खुणेशीं १० मीटरचा आंकडा धरला व टोकाचा १.३५ मीटर भाग भिजला, तर पाणी खुणेपासून ८.६५ मीटर खालीं आहे. खूण जमिनीपासून ०.६० मीटर उंच असल्यास पाणी जमिनीपासून ८.०५ मीटर खोल ठरतें.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रयोग तुम्हांसहि करतां येईल. घराजवळची वापरांत नसलेली विहीर निवडा, वडील माणसास संगतीं घ्या, आणि दर महिन्यास त्याच खुणेपासून मोजून वहींत तारीख व आंकडा लिहा. एक आंकडा थोडेंच सांगतो. दोन पावसाळ्यांची वही पुष्कळ सांगते. पुढें कधीं घरीं आणखी खोल विंधण्याची गोष्ट निघाली, तर ती वही वडिलांपुढें उघडून ठेवा.