व्हँपायर-कथा

व्हँपायर-कथा : थडग्यातून रात्री उठून जिवंत माणसांचे रक्त पिणाऱ्या मृताविषयीचा पाश्चात्त्य कथाप्रकार. मूळ कल्पना पूर्व यूरोपातील, विशेषतः स्लाव्ह लोकांतील, लोकसमजुतीची होय. १७२५ ते १७३२ या काळात ऑस्ट्रियाच्या अंमलाखालील सर्बियात काही गावी एकामागून एक मृत्यू घडले, तेव्हा गावकऱ्यांनी संशयितांची प्रेते उकरली. फुगलेले शरीर, तोंडाशी आलेला रक्तासारखा द्रव, वाढल्यासारखी दिसणारी नखे ही त्यांना पिशाचाची खूण वाटली. वस्तुतः हे शव कुजण्याचेच परिणाम होत. लष्करी वैद्यांचे अहवाल यूरोपभर वाचले गेले. १७५५ मध्ये मारिया टेरिसा या सम्राज्ञीने अशा प्रकारे प्रेते उकरण्यास मनाई केली.

लोकसमजुतीतील हा मृत साधा खेडूत असे. त्याला देखण्या उमरावाचे रूप दिले ते जॉन पॉलिडोरी (१७९५–१८२१) याने. हा कवी बायरनचा वैद्य. त्याची ‘द व्हँपायर’ (१८१९) ही कथा प्रथम बायरनच्याच नावावर छापली गेली आणि तिच्या लोकप्रियतेस या चुकीचा हातभार लागला. शेरिडन ले फॅन्यू (१८१४–७३) याच्या कार्मिला (१८७२) मध्ये पिशाच स्त्रीरूपात येते.

ब्रॅम स्टोकर (१८४७–१९१२) या आयरिश लेखकाची ड्रॅक्युला (१८९७) ही या प्रकारातील सर्वांत प्रभावी कादंबरी. रोजनिशा, पत्रे, तारा व वृत्तपत्रांतील कात्रणे यांतून ती उलगडते. टंकलेखन, ध्वनिमुद्रण, रक्तसंक्रमण अशी त्या काळची नवी साधने हाताशी असलेल्या लंडनमध्ये एक प्राचीन भय येऊन ठेपते, हे तिच्या परिणामाचे खरे कारण. स्वतः ड्रॅक्युलाला मात्र निवेदनात वाव नाही. त्यामुळे तो अखेरपर्यंत अगम्य राहतो. सूर्यप्रकाशाने पिशाच नष्ट होते, ही आज रूढ झालेली कल्पना या कादंबरीत नाही. ती नोस्फेरातू (१९२२) या जर्मन मूकपटाने रुजविली.

पुढे रिचर्ड मॅथिसनने आय ॲम लेजंड (१९५४) मध्ये पिशाचबाधेला जंतुजन्य रोगाचे स्वरूप दिले. ॲन राइसच्या इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर (१९७६) मध्ये पिशाच स्वतःच आपली कहाणी सांगते आणि वाचकाची सहानुभूती शिकारीकडून शिकाऱ्याकडे वळते. आधुनिक वाचकास वाटणारे आकर्षण बरेचसे येथे आहे : अमरत्व हवेसे वाटते, पण ते दुसऱ्याच्या जिवावर आणि प्रियजनांचे मरण पाहत भोगावे लागते. निषिद्ध लैंगिकतेची सूचनाही या कथांत प्रथमपासून आढळते. स्टेफनी मेयरच्या ट्वायलाइट (२००५) पासून पिशाच किशोरवयीनांच्या प्रेमकथेचा नायक झाले. त्यात भयाचा अंश फारसा उरला नाही.

रिचर्ड बर्टनने वेतालपंचविंशतीच्या आपल्या इंग्रजी रूपांतरास (१८७०) विक्रम अँड द व्हँपायर असे नाव दिले. ते दिशाभूल करणारे आहे. कारण प्रेतात शिरून राजाला कोडी घालणारा वेताळ रक्तपिपासू नव्हे. मराठीत नारायण धारप यांची लुचाई ही कादंबरी स्टीव्हन किंगच्या सालेम्स लॉट (१९७५) वर आधारलेली आहे.