हरणाला नऊ दिवस, कायोटाला बारा महिने

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम उघडतो आणि नऊ दिवसांनी, रविवारी संध्याकाळी, मिटतो. राज्याची लोकसंख्या साठ लाखांच्या आत. पण या नऊ दिवसांसाठी परवाने निघतात साडेपाच लाखांच्या आसपास. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरपासूनच चालू असतो, तरी गावाच्या जिभेवर ‘हंगाम’ म्हणजे हेच नऊ दिवस. जंगलातल्या लाकडी खोपटांची कुलपे वर्षातून एकदा याच वेळी निघतात, आजोबा-नातू एका चुलीभोवती जमतात. मागे घरी राहणाऱ्या बायकांना थट्टेने ‘हरणविधवा’ म्हणायची रीत आहे. अलीकडे बायकाही बंदुका घेऊन निघू लागल्याने ही थट्टा थोडी जुनी झाली.

याच शेतांत, याच वनराईत आणि बहुधा याच माणसांकडून आणखी एका जनावराची शिकार होते : कायोटाची. तिला हंगाम नाही. किती मारावेत याची मर्यादा नाही. हरणामागे कायद्याची एवढी जुळणी आणि कायोटामागे जवळजवळ काहीच नाही, हा फरक समजला की अमेरिकेच्या ग्रामीण भागातली शिकार बरीचशी समजते.

इथले हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण. आपल्या सांबर-चितळांप्रमाणे याच्या नराची शिंगे दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात. काळविटासारखी ती जन्मभराची नसतात. हिवाळ्यात गळालेली शिंगे वसंतात पुन्हा फुटतात, उन्हाळाभर त्यांच्यावर मखमली कातडी असते आणि सप्टेंबरच्या सुमारास नर ती झाडांच्या खोडांवर घासून उतरवतो. नोव्हेंबर हा माजाचा महिना. एरवी अंधार पडल्याशिवाय बाहेर न येणारा नर तेव्हा भरदिवसा मादीच्या वासावर भटकतो, खुरांनी जमीन उकरून आपली खूण ठेवतो. शिकाऱ्याला हवी असते ती हीच बेसावध वेळ. खोडावरची सोललेली साल, उकरलेली माती आणि ओकच्या झाडाखाली पडलेल्या फळांभोवतीचे खुरांचे ठसे पाहून तो महिनाभर आधीच आपली जागा हेरून ठेवतो.

जागा म्हणजे बहुधा मचाण. झाडाला टेकवलेली लोखंडी शिडी आणि वर जेमतेम एका माणसापुरती बैठक. मचाणावर चढताना किंवा उतरताना पडून हातपाय मोडणे हा या शिकारीतला नेहमीचा अपघात आहे; म्हणून झाडाला बांधून घ्यायचा पट्टा अंगावर चढवल्याशिवाय वर जाऊ नये, असे शिकारीच्या वर्गात पुन्हा पुन्हा बजावतात. हे वर्ग ऐच्छिक नाहीत. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला वर्ग केल्याचा दाखला दाखवल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही.

पहाटे निघायचे ते अंधारात. थंडी शून्याखाली, वारा तोंडावर घेऊन. वारा पाठीमागून असेल तर माणसाचा वास आधी पोहोचतो आणि मग दिवसभर बसून उपयोग नाही. अंगात मात्र डोळ्यांत भरेल असा भडक नारिंगी अंगरखा. कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांपैकी निम्मा भाग तरी या रंगाचा हवा, असा नियम १९८० पासून आहे. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. दबा धरून बसायचे आणि अंगात एवढा उठावाचा रंग घालायचा, हे ऐकायला उलटे वाटते. पण हरणाच्या डोळ्याला तांबडा-नारिंगी नीट ओळखता येत नाही. तो रंग माणसांनी माणसांना ओळखण्यासाठी आहे. पूर्वी दर हंगामात शिकारी एकमेकांच्या गोळीने मरत. अलीकडचे काही हंगाम गोळीच्या एकाही बळीविना पार पडले.

सूर्योदयाआधी अर्धा तास बार काढायला मुभा मिळते. तोपर्यंत नुसते ऐकायचे. वाळलेल्या पानांवर खार धावली तरी हरीण आल्यासारखे वाटते. खरे हरीण येते तेव्हा बहुधा आवाजच होत नाही, दोन झाडांमधली एक करडी आडवी रेघ हलते इतकेच. नेम धरायचा तो पुढच्या पायाच्या किंचित मागे, फुप्फुसांवर. गोळी बरोबर लागली तरी हरीण बहुतेक वेळा जागीच पडत नाही, पन्नास-शंभर मीटर धावते. नवखा शिकारी लगेच मागे धावतो आणि जखमी जनावराला आणखी दूर पिटाळतो. जाणता खाली उतरून गोळी लागल्याच्या जागी रक्त पाहतो. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस; अर्ध्या तासाने माग काढला की हरीण सापडते. काळपट रक्त म्हणजे यकृत. आणि रक्तात हिरवट चोथा दिसला तर गोळी पोटात गेली. मग कित्येक तास थांबावे लागते. या रंगांचा अर्थ पुस्तकापेक्षा बापाकडून किंवा काकाकडून शिकला जातो, आणि कुणाचा नेम चुकून पोटात गोळी गेली हे खोपटात रात्री कुणाला लपवता येत नाही.

हरीण सापडले की तिथेच पोट फाडून आतडी-कोथळा काढतात, कारण आतली ऊब राहिली तर मांस बिघडते. मग बर्फावरून ओढत गाडीपर्यंत. पूर्वी प्रत्येक हरीण नोंदणीच्या ठाण्यावर न्यावे लागे, आणि हे ठाणे बहुतेक गावांत दारूच्या गुत्त्यात किंवा पेट्रोल पंपावर असे. कुणाच्या हरणाला किती फाटे, वजन किती, हे सगळे गाव तिथे पाहत असे. २०१५ पासून नोंद फोनवर किंवा संगणकावर होते. सोय झाली खरी, पण गुत्त्याबाहेरची गर्दी गेली आणि जुन्या शिकाऱ्यांना ती चुकल्यासारखी वाटते. मांस घरी खातात : कण्यालगतची लुसलुशीत पट्टी तव्यावर, बाकीचे सॉसेजमध्ये किंवा मसाला लावून वाळवलेल्या पट्ट्यांत. रानातल्या हरणाचे मांस विकायला बंदी आहे. वाटता येते, आणि गरजूंच्या धान्यकोठ्यांना ते दान करण्याची सोयही राज्याने केली आहे.

विक्रीच्या या बंदीमागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धंदेवाईक शिकारी रेल्वेने डबेच्या डबे भरून हरणे शिकागोच्या बाजारात पाठवत. विसाव्या शतकाच्या तोंडाशी देशभरातली पांढऱ्या शेपटीची हरणे पाच लाखांच्या आसपास उरली होती असा अंदाज आहे. मग नियम आले. विस्कॉन्सिनने १८९७ मध्ये माणशी दोन हरणांची मर्यादा घातली, १९१५ मध्ये माणशी एक नर एवढीच परवानगी ठेवली आणि १९२५ ते १९३५ या काळात हंगाम वर्षाआड बंद ठेवला. लांडगे संपत आले होते, तोडलेल्या जंगलात कोवळा पाला फुटत होता. हरणे वाढली, आणि इतकी वाढली की हिवाळ्यात उपाशी मरू लागली. निसर्गअभ्यासक आल्डो लिओपोल्ड तेव्हा राज्याच्या संवर्धन आयोगावर होते. माद्याही मारल्या पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. १९४३ मध्ये तसा हंगाम झाला, सव्वा लाखाहून अधिक हरणे मारली गेली आणि लोक खवळले. मादी मारणे म्हणजे बियाणे खाणे, ही शेतकऱ्याची समजूत एका वर्षात बदलणार नव्हती. ती बदलायला पुढची कित्येक वर्षे लागली. आज मात्र संख्या आटोक्यात ठेवायची तर माद्यांवरच भर द्यावा लागतो, हे सरकारी व्यवस्थापनाचे उघड सूत्र आहे. २००० साली या राज्यात एका वर्षात सहा लाखांहून जास्त हरणे मारली गेली, आणि तरीही हरीण गाडीवर आदळणे ही ग्रामीण रस्त्यांवरची रोजची गोष्ट राहिली.

पैशाची व्यवस्थाही शिकाऱ्यांच्या खिशाला जोडलेली आहे. रायफली, छऱ्याच्या बंदुका आणि काडतुसे यांवर ११ टक्के कर आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे तो पैसा राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळतो. परवान्याचे शुल्क वेगळे. शिकारी कमी झाले की वन्यजीव खात्याचे उत्पन्नही घटते, त्यामुळे शिकाऱ्यांचे वय वाढत चालले आहे याची चिंता हरणांच्या कैवाऱ्यांनाही करावी लागते.

त्यात एका रोगाची भर पडली. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूतल्या विकृत प्रथिनांमुळे होणारा, हरणाला झिजवत मारणारा रोग. तो पहिल्यांदा दिसला १९६७ मध्ये कोलोरॅडोत. विस्कॉन्सिनमध्ये सापडला २००२ मध्ये. त्यावर औषध नाही, आणि ही प्रथिने मातीतही वर्षानुवर्षे टिकतात. माणसाला तो झाल्याचा पुरावा नाही, तरी बाधित हरणाचे मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. म्हणून राज्याच्या नैर्ऋत्य भागात शिकारी हरणाचे मुंडके तपासणीच्या पेटीत टाकतो आणि निकाल येईपर्यंत मांसाची पाकिटे फ्रीजरमध्ये वेगळी ठेवतो.

रविवारी संध्याकाळी हंगाम संपतो तेव्हा रानात जागोजागी कोथळ्यांचे ढीग पडलेले असतात. त्यांच्यावर कावळे येतात, गरुड येतात (गोळीतल्या शिशाचे कण पोटात जाऊन गरुडांना विषबाधा होते, हा वेगळा वाद आहे) आणि रात्री कायोट येतो. पहिला बर्फ पडला की ढिगापर्यंत आलेली त्याची पावले सरळ एका रेषेत उमटलेली दिसतात. शिकारी ती पाहून ठेवतो.

कायोट हा आपल्या कोल्ह्याचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल : लांडग्याहून लहान, खोकडाहून बराच मोठा, वजनाने दहा ते वीस किलो. नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून, स्पॅनिशमार्गे आले. शहरी अमेरिकन त्याला ‘कायोटी’ म्हणतो. विस्कॉन्सिनचा शेतकरी शेवटचा स्वर गाळून ‘कायोट’ म्हणतो, आणि कोण कुठला हे तेवढ्यावरून कळते. मुळात हा पश्चिमेच्या माळरानांचा प्राणी. लांडगे मारले गेले, जंगले तुटून शेते झाली आणि तो विसाव्या शतकात पूर्वेकडे सरकत अटलांटिक किनाऱ्यापर्यंत पोहोचला. आज हवाई सोडून सर्व राज्यांत तो आहे, शिकागो शहरातही. उंदीर, ससे, टोळ, पडलेली फळे, मेलेली गुरे, मे-जूनमधली हरणाची पाडसे. त्याला काहीही चालते.

त्याची शिकार हरणाच्या शिकारीच्या नेमकी उलट आहे. हरणाची वाट पाहायची, कायोटाला बोलवायचे. शिकारी पांढरे कपडे घालून बर्फात बसतो आणि पिपाणीसारख्या साधनातून जखमी सशाचा किंचाळण्याचा आवाज काढतो. आता रिमोटवर चालणारे भोंगेही मिळतात. मिनिटभर आवाज, मग शांतता, पुन्हा आवाज. पंधरा-वीस मिनिटांत कायोट आला तर आला. तो सरळ येत नाही. लांबून वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, सशाचा वास येतो का ते पाहायला. त्यामुळे जाणता शिकारी भोंगा एकीकडे ठेवतो आणि बंदूक त्या वळशाकडे रोखतो. एकदा या आवाजाला फसून सुटलेला कायोट पुन्हा सहसा फसत नाही. काही जण कुत्र्यांना जीपीएसचे पट्टे बांधून पिकअप गाड्यांतून पाठलाग करतात, काही रात्री उष्णता टिपणारी दुर्बीण बंदुकीवर लावून बसतात. या पद्धतींवरून शिकाऱ्यांमध्येच फूट आहे. मचाणावर आठ तास गोठणाऱ्याला गाडीतून केलेली शिकार शिकार वाटत नाही.

एवढे करून कायोट कमी होतात का? बहुतांश ठिकाणी नाही. कळपातले काही मारले गेले की उरलेल्यांना खायला जास्त मिळते, एरवी न विणाऱ्या तरुण माद्या विऊ लागतात, पिल्ले जास्त जगतात आणि मोकळ्या जागेत बाहेरचे येऊन बसतात. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात मांडलेल्या एका गणितानुसार, दरवर्षी चारातले तीन कायोट मारत राहिले तरी ते संपायला पन्नासहून जास्त वर्षे लागतील. सरकारने विषाचा प्रयोगही भरपूर केला. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी संघराज्याच्या जमिनींवर तो थांबवला. आजही संघराज्याचे एक खाते दरवर्षी साठ हजारांच्या आसपास कायोट मारते, मुख्यतः पश्चिमेतल्या मेंढपाळांसाठी. विशिष्ट शेतावर विशिष्ट कायोट कोकरे उचलत असेल तर त्याला मारण्याने तेवढ्यापुरता फरक पडतो. पण सरसकट मारण्यापेक्षा राखणीची कुत्री, गाढवे आणि रात्रीचे कुंपण जास्त कामी येते, असा पुष्कळ मेंढपाळांचा अनुभव आहे. आपल्याकडच्या धनगरांना यात नवल वाटणार नाही.

हरणांच्या शिकाऱ्यांचा कायोटावर राग असतो तो पाडसांमुळे. काही भागांत, विशेषतः दक्षिणेकडे, पाडसे खाण्याचा परिणाम हरणांच्या संख्येवर दिसतो. विस्कॉन्सिनसारख्या जागी कडक हिवाळा आणि माद्यांची शिकार यांचा हात मोठा असतो. तरीही हिवाळ्यात गावोगावच्या गुत्त्यांत कायोटांच्या स्पर्धा भरतात : दोन दिवसांत सर्वांत जास्त किंवा सर्वांत वजनदार कोण आणतो याला बक्षीस. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशा बक्षिसांवर बंदी घातली, पाठोपाठ व्हरमाँट, न्यू मेक्सिको आणि इतर काही राज्यांनी. विस्कॉन्सिनमध्ये या स्पर्धा चालू आहेत.

डिसेंबर-जानेवारीत कायोटाची लव सर्वांत दाट असते. कोटाच्या टोपीची कड त्या लवेची असण्याची फॅशन होती तोवर कातड्याला बऱ्यापैकी भाव होता. मोठ्या कंपन्यांनी लव वापरणे सोडल्यावर तो कोसळला. आता कातडे सोलून, ताणून, वाळवून विकायला नेण्याचा खर्चही अनेकदा निघत नाही. मांस कुणी खात नाही. त्यामुळे हरणाच्या प्रत्येक किलोचा हिशेब ठेवणारा शिकारी मारलेला कायोट कितीदा तरी शेताच्या बांधावर तसाच टाकून येतो, आणि दोन रात्रींत तोही इतर जनावरांनी संपवलेला असतो.